कुर्ल्याची गाडी, सोलापूरचा माणूस

मुंबईला येऊन गेलेला आणि काळ्या-पिवळ्या फियाटमध्ये न बसलेला मराठी माणूस शोधून सापडणे कठीण. टपावर वळकट्या आणि ट्रंका, मागच्या सीटवर दाटीवाटीने चार-पाच जण, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर पोर घेऊन बसलेले काका, अशी दादर स्टेशनावरून निघालेली वरात कित्येक कुटुंबांच्या स्मरणात असेल. पुढे प्रीमियर पद्मिनी झालेल्या त्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. त्या वेळी तिच्यावर भरभरून लिहिले गेले. सिनेमात ती कुठे कुठे दिसली हे आले, टॅक्सीवाल्यांच्या आठवणी आल्या. पण ती ज्या कारखान्यातून निघाली, तो कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंदांविषयी माझ्या वाचनात फारसे आले नाही. निरोप गाडीला मिळाला, तिच्या जन्मदात्याला मात्र आपण केव्हाच विसरलो होतो.

माझा आणि या नावाचा संबंध लोखंडातून आला. भिवंडीत माझा लेथचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द मोठा झाला, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन एवढाच पसारा. यंत्रमागाचे शाफ्ट, बुश, दातेरी चक्रे करून देण्यात चाळीस वर्षे गेली. ते पोटापाण्याचे. हौसेचे म्हणाल तर जुन्या मोटारी. अंजूरफाट्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये आजवर चार जुन्या गाड्या उभ्या करून चालत्या केल्या. सध्या तिथे एकच आहे : १९५० सालची प्लिमथ, चार दरवाजांची, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळवलेली. आता त्या जागेवर गोदाम होणार आहे. भिवंडीत हे नवे नाही. शेड दिवाळीपर्यंत रिकामी करायची आहे आणि त्याआधी या गाडीचे काय करायचे हे ठरवायचे आहे. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे गाडी भाच्याकडे जाणार, तेव्हा या निर्णयात त्याचा शब्द माझ्याइतकाच मोलाचा. आणि भाच्याच्या मनाने घेतले होते, की या प्लिमथची गॅसर करायची.

गॅसर म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याला पडणे साहजिक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांना जुन्या, स्वस्त मोटारींत दांडगी इंजिने बसवून पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, सरळ शर्यत लावण्याचे वेड लागले. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्थाही निघाली. त्यात पंपावरच्या साध्या पेट्रोलवर पळणाऱ्या गाड्यांचे वेगळे वर्ग असत. तिकडे पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात, बोलताना गॅस. म्हणून या गाड्या गॅसर. गाडीचे वजन आणि इंजिनाचे आकारमान यांच्या प्रमाणावरून तिचा वर्ग ठरे. पुढचा मूळ सांधा काढून तिथे ट्रकसारखा सरळ आस आणि पाट्याच्या स्प्रिंगा बसवत. गाडीचे नाक वर उचलले जाई. सुटताना वजन मागच्या चाकांवर पडावे आणि टायरांनी रस्ता घट्ट धरावा, हा त्यामागचा हिशेब. हलक्या बांध्याच्या १९३३ ते १९४१ च्या विलीज गाड्या यासाठी फार पसंत असत. ज्यांच्या जीपने पुढे आपली खेडी पाहिली, तीच ही विलीज कंपनी.

आज अशा गाड्या नव्याने बांधणारे हौशी लोक जगभर आहेत आणि त्यांचा नियम कडक असतो. १९६२ सालची गॅसर करायची म्हटली, की १९६२ नंतरचा एकही भाग तिच्यावर दिसता कामा नये. नवे डिस्क ब्रेक नाहीत, रेडियल टायर नाहीत, आकडे चमकणारे मीटर नाहीत. डिझेल बसच्या इंजिनावरचा हवा कोंबणारा ब्लोअर काढून तो पेट्रोल इंजिनावर चढवायचा, तोही त्या काळातलाच. भाचा हे सारे सांगू लागला, की त्याचे डोळे लकाकतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. हातात साधन नसताना मिळेल त्यातून वेग निर्माण करणाऱ्या पोरांची ती कला आहे. प्रश्न एवढाच होता, की तिच्यासाठी ही प्लिमथ कापायची का?

भाचा सांगलीच्या वालचंद कॉलेजचा इंजिनिअर. एका रविवारी जेवताना मी त्याला सहज विचारले, हे वालचंद कोण? तो म्हणाला, असतील कोणी साखर कारखानदार. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. ज्याच्या नावाच्या कॉलेजात चार वर्षे काढली आणि ज्याच्या कारखान्यातली गाडी कापायला निघालो, तो माणूस निदान ओळखीचा असावा, एवढ्यासाठी त्या दिवशी मी त्याला जे सांगितले तेच इथे मांडतो आहे.

सोलापूर ते बोरघाट

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे दिगंबर जैन, आडनाव दोशी, मूळ सौराष्ट्रातले, पण व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन इथल्या मातीत मुरलेले. वडील हिराचंद नेमचंद सावकारी आणि कापसाच्या व्यापारातले, जैन समाजात सुधारक म्हणून मान असलेले गृहस्थ. आई वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. शाळा सोलापुरात झाली, कॉलेज मुंबईत आणि पुण्यात. पण ते शतक सरत असतानाच प्लेगने घराघरांत हात घातला होता. घरात मृत्यू झाले, पेढीवर माणूस हवा होता, आणि पदवी हाती येण्याआधीच वालचंदांना परत फिरावे लागले.

पेढीवर बसून त्यांनी व्यापार केला खरा, पण त्यात त्यांचे मन रमले नाही आणि नशिबानेही साथ दिली नाही. घरच्यांच्या दृष्टीने हा मुलगा वाया चालला होता. त्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतले माजी कारकून, कंत्राटदारीची नाडी ओळखणारे, पण भांडवल नसलेले. वालचंदांकडे पत होती, अनुभव नव्हता. दोघे मिळून १९०३ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेच्या कामात उतरले. येडशीपासून तडवळ्यापर्यंतचा सात मैलांचा तुकडा. अडीच फूट रुंदीचे ते चिमुकले रूळ आज बार्शीकरांच्या आठवणीतच राहिले आहेत. वालचंदांना मात्र त्या सात मैलांवर आपला धंदा सापडला. माती, दगड, मजूर, मुदत आणि हिशेब. साहेबांच्या कंपन्यांनी जी कामे आपलीच मानली होती ती एतद्देशीय माणूस करू शकतो, हे त्यांना तिथे उमगले.

पुढच्या वीस वर्षांत हे काम वाढत गेले. १९२० मध्ये टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी झाली, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन. मुंबई-पुणे रेल्वेने बोरघाटातून जाताना आपण ज्या बोगद्यांत अंधार होताच मुलांना खिडकीतून आत ओढतो, त्यांतल्या काही बोगद्यांचे काम वालचंदांच्या माणसांनी केले आहे. आणि आम्हा भिवंडीकरांसाठी आणखी एक गोष्ट. तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या जलवाहिन्या आमच्या तालुक्यातून जातात. त्या वाहिन्या टाकण्याचे कामही वालचंदांच्या कंपनीकडे होते. त्या अजस्र नळांच्या कडेने मी लहानपणापासून हिंडलो. ते पाणी मुंबईकर पितात हे ठाऊक होते. नळ टाकण्यात सोलापूरच्या एका माणसाचा हात होता, हे फार उशिरा कळले.

भंगारात गेलेले जहाज

कंत्राटदार म्हणून वालचंद सुखाने राहू शकले असते. पैसा होता, नाव होते. पण १९१९ मध्ये त्यांनी अशा धंद्यात पाय टाकला, जिथे त्यांच्याआधी अनेक हिंदी कंपन्या बुडाल्या होत्या. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा माल आणि परदेशी जाणारा माल, दोन्ही इंग्रजी जहाजांच्या हातात होते. कोणी देशी माणूस जहाज घेऊन उतरला, की भाडे इतके पाडायचे की त्याचे दिवाळे निघावे, ही त्यांची ठरलेली रीत. ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेले एक जुने जहाज विकायला निघाले होते. मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया, नंतर लॉयल्टी. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतले आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू झाली.

५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद स्वतः त्या जहाजावर होते. १९६४ पासून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण शाळेच्या पुस्तकात त्यापुढची हकिगत सहसा येत नाही. ते जहाज तेव्हाच जवळजवळ तीस वर्षांचे होते. दुरुस्त्यांनी मालकांचा जीव मेटाकुटीला आणला, आणि १९२३ मध्ये ते मुंबईतच भंगारात निघाले. त्याच वर्षी बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांशी सिंधियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. किती टनांची जहाजे ठेवायची, कुठे चालवायची, यावर त्यात बंधने होती. तो करार मानहानीचा होता, पण त्यामुळे कंपनी जगली. आधीच्या कंपन्या तत्त्वासाठी बुडाल्या होत्या, ही तडजोड करून तरली. १९२९ ते १९५० अशी एकवीस वर्षे वालचंद तिचे अध्यक्ष होते.

भाच्याला मी इथे मुद्दाम थांबवले. आम्ही भंगारात हिंडणारी माणसे. एखादी वस्तू भंगारात गेली म्हणजे ती फुकट गेली, असे आम्ही कधी मानत नाही. लॉयल्टीचे पत्रे वितळले, पण तिने मोकळा केलेला मार्ग राहिला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली, आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेले जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. विकत घेतलेल्या जुन्या जहाजापासून स्वतः बांधलेल्या जहाजापर्यंत जायला एकोणतीस वर्षे लागली.

ऊस, विमान आणि मोटार

साखरेचे म्हणाल तर इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाच्या माळावर वालचंदांनी ऊस उभा केला, कारखाना काढला, आणि तिथे वालचंदनगर वसले. मालेगावजवळचे रावळगाव तसेच. लहानपणी ज्यांनी रावळगावच्या गोळ्या चघळल्या, त्यांनी नकळत वालचंदांचीच साखर खाल्ली. १९२७ मध्ये महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्या-कारखानदारांची महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था निघाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

वालचंदांची विमानाची गोष्ट कादंबरीसारखी आहे. १९३९ मध्ये ते मोटारींच्या बोलणीसाठी अमेरिकेला गेले होते. त्या प्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. वालचंदांनी ओळखीचे रूपांतर व्यवहारात केले. म्हैसूर संस्थानाने हात दिला आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तिथे जुळवलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात झेपावले. वर्षही पुरते लोटले नव्हते! पण जपान युद्धात उतरला, आणि एप्रिल १९४२ मध्ये कारखान्याचा ताबा सरकारकडे गेला. वालचंद बाहेर पडले. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याच रोपट्याची वाढ.

आता मोटार. सर विश्वेश्वरय्यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिका पालथी घालून हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, त्याने योजनेला अनुकूलता दाखवली. भांडवल उभे करण्याचे काम वालचंदांनी अंगावर घेतले. पण देशात तेव्हा परदेशी कंपन्यांची जोडणीची दुकाने चालूच होती. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला पेट्यांतून आलेले भाग जोडून गाड्या विकत होती. गाडी इथेच करण्यात तिला कसला रस? फोर्डशी बोलणी झाली, जनरल मोटर्सशी झाली, दोन्हीकडे फिसकटली. शेवटी १९४० मध्ये क्रायस्लरने होकार दिला. तेवढ्यात मुंबईचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि युद्ध पेटले होते. दिल्लीच्या गोऱ्या सरकारने नकारघंटा वाजवली. मोटारींचा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, त्यासाठी यंत्रे आणि परकीय चलन देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. गंमत पाहा, त्याच युद्धासाठी परदेशातून हजारो ट्रक बोटींनी इथे उतरत होते.

वालचंद थांबले, पण त्यांनी नाद सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदली गेली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि ३ मार्च १९४७ रोजी पहिली गाडी बाहेर पडली. स्वातंत्र्याला अजून पाच महिने होते. डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी आणि डॉज, फार्गो हे ट्रक कुर्ल्याहून निघू लागले. विश्वेश्वरय्यांच्या योजनेला तोवर दहा वर्षे होऊन गेली होती.

दुसरी बाजू

मृत माणसाचे नुसते गोडवे गाणे सोपे असते. वालचंद साधुपुरुष नव्हते. ते व्यापारी होते, आणि देशभक्ती व नफा यांत त्यांना विरोध दिसत नसे. सरकारविरुद्ध ते भांडले आणि सरकारकडेच संरक्षण, हमी, सवलतीही मागत राहिले. युद्धकाळात विमानांचा कारखाना काढताना गिऱ्हाईक इंग्रज सरकारच होते. एकाच वेळी इतक्या धंद्यांत हात घालायचा आणि भांडवल कायम ताणलेले ठेवायचे, अशी त्यांची कार्यपद्धती. भागधारकांची धाकधूक त्यामुळे कधी संपली नाही. शिवाय कुर्ल्याच्या सुरुवातीच्या गाड्या जोडलेल्याच होत्या. पेट्या अमेरिकेतून येत, इथे बोल्ट आवळले जात. मग शिवडीच्या दुकानात आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फरक काय? टीकाकारांनी हा प्रश्न तेव्हा विचारला होता. भाच्याने परवा मला तोच विचारला. अमेरिकन गाडीचे भारतीयत्व ते काय, असे त्याचे म्हणणे.

फरक पुढच्या पायरीत आहे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना गाड्या इथे घडवायच्या आहेत त्यांनीच राहावे, नुसत्या जोडणाऱ्यांनी आवरते घ्यावे, असे सरकारने ठरवले. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. कुर्ला राहिले. फियाटशी करार झाला होता, १९५४ पासून फियाट ११०० तिथे होऊ लागली, आणि एकेक भाग देशी होत गेला. तीच गाडी पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारापर्यंत तिथे बनत राहिली. हे पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताने गाठले, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे त्यांचे भाऊ आणि पुतणे यांनी धंदे चालवले. सांगलीचे कॉलेज १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झाले होते, १९५५ मध्ये त्याला वालचंदांचे नाव मिळाले.

प्लिमथचा निकाल

आता शेडमधल्या गाडीकडे येतो. तिचे मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, ३.६ लिटरचे, ९७ अश्वशक्तीचे, व्हॉल्व्ह बाजूला असलेले, चालताना शिलाई यंत्रासारखे कुजबुजणारे. माझ्याकडे आली तेव्हा ते तिच्यात नव्हते. पेट्रोल परवडेना म्हणून कोणी तरी कधी काळी डिझेल इंजिन बसवले होते. सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची आली होती. डाव्या चाकांचे बोल्ट मात्र मूळचे, उलट्या आट्यांचे. क्रायस्लरची ती खूण. नवशिका मेकॅनिक ते नेहमीच्या दिशेने फिरवत बसतो आणि शेवटी तोडतो.

भाच्याचा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. गाडी आधीच बदललेली आहे, तर मग आणखी बदलायला हरकत काय? शिवाय अमेरिकेतल्या कितीतरी गॅसरमध्ये क्रायस्लरचे हेमी इंजिन असे. अर्धगोल डोक्याचे ते व्ही-आठ इंजिन क्रायस्लरने १९५१ मध्ये आणले, तेव्हा वालचंद हयात होते. म्हणजे इंजिनसुद्धा वालचंदांनी ज्यांच्याशी करार केला त्यांचेच! मला हसू आले, पण मुद्दा खोटा नव्हता.

कायदा माझ्या बाजूने होता. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर अशा फेरफारांना एरवीही मज्जाव करते. नाक उचललेली प्लिमथ रस्त्यावर कधीच येऊ शकली नसती. पण घरातले भांडण कायद्याची कलमे दाखवून जिंकण्यात अर्थ नसतो, म्हणून मी ते शेवटी सांगितले.

आधी सांगितले ते असे. काळाशी इमान राखायचे हा तुझ्या छंदाचा नियम आहे ना? मग काळ कुठला, हे आधी ठरव. १९६२ साली कॅलिफोर्नियात पोरांना जुन्या गाड्या भंगारात ढिगाने मिळत. एक कापली तर दहा उरत. १९५० साली कुर्ल्यात प्रत्येक गाडीमागे परवाना, परकीय चलन आणि दहा वर्षांची वाट होती. तिथे इमान कापण्याने राखले जाई, इथे ते जपण्याने राखले जाते. आणि चार दरवाजांच्या या जड देहातून चांगली गॅसर होणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगले कळते.

तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. मूळ जातीचे इंजिन मिळेल का, एवढेच विचारले. मिळाले आहे. जुन्या फार्गो ट्रकमध्ये त्याच घराण्यातली सहा सिलिंडरची इंजिने असत. आमच्याच बाजूच्या एका भंगारवाल्याकडे एक पडले होते. ब्लॉकला तडा नाही. सिलिंडर घासले गेले आहेत, ते बोअर करून घ्यावे लागतील. पिस्टनसाठी भाचा धावपळ करतो आहे. ज्या लेथवर मी मागाचे बुश काढले, त्याच लेथवर आता या इंजिनाचे बुश निघतील. त्यानेच एक अट घातली : काढलेले डिझेल इंजिन विकायचे नाही, पुसून, तेल लावून ठेवायचे, कारण तेही या गाडीचेच आयुष्य आहे. मला ही अट मनापासून पटली. गॅसरचा हट्ट त्याने सोडलेला नाही. नोंदणी नसलेली, निकामी पडलेली एखादी हलकी बॉडी शोधून ती तो बांधणार, फक्त बंद मैदानावर चालवण्यासाठी. तिचा सरळ आस करून देण्याचे मी कबूल केले आहे.

वालचंदांनी जे काही केले त्यातले बरेचसे त्यांच्या हातून निसटले. जहाज मोडीत गेले, विमानांचा कारखाना सरकारने घेतला, मोटार रंगारूपाला येण्याआधी ते गेले. तरी सुरुवात त्यांनीच केली होती, आणि पुढच्यांना त्या सुरुवातीवर उभे राहता आले. दिवाळीला अजून तीन महिने आहेत. इंजिन बसले, तर प्लिमथ शेडमधून टो न करता स्वतःच्या चाकांवर बाहेर पडेल, आणि तिला सांगलीला नेताना वाट थोडी वाकडी करून आम्ही सोलापूरवरून जाणार आहोत.